गाडी ४८ची, चलान ७१चं

ताशी ७१ किलोमीटर. हा आकडा माझ्या गाडीच्या नंबरापुढे वाचून बायको आधी हसली. "तुम्हाला? म्हापशापर्यंत पाववाल्या पोदेराची सायकल तुम्हाला मागं टाकते!" मग खाली दंडाची रक्कम दिसली आणि हसू थांबलं.

मी पेडणे तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. बत्तीस वर्षं मराठी आणि गणित शिकवलं. जत्रांचा मोसम सुरू झाला की रात्रीच्या नाटकांना पेटी वाजवतो. रविवार, १७ नोव्हेंबर २०२४ला बार्देशातलं एक नाटक आटपून, पाहुण्यांकडे डुलकी काढून, सकाळी राष्ट्रीय महामार्ग ६६वरून घरी निघालो होतो. वॅगन आरच्या मागच्या बाजूला पेटी, तिच्यावर गोधडी, वर सुंभाची दोरी. चलानावर वेळ १०:५२, जागा कोलवाळच्या अलीकडे, मर्यादा ५०, वेग ७१.

हे चलान मी कोर्टात लढवलं. आता गावात कुणालाही असं काही आलं की माणूस माझ्या ओसरीवर येऊन बसतो. तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी वकील नाही. जे केलं आणि करताना जे कळलं, तेवढंच सांगतोय.

एक कबुली आधी देतो. याच्या वर्षभर आधी पणजीच्या अटल सेतूवरून रात्री येताना मला असंच चलान आलं होतं. पूल रिकामा, समोर मांडवी, गाडीत नाटकातलं पद लावलेलं, आणि पाय जड झालेला. ते चलान मी त्याच आठवड्यात मुकाट्यानं भरलं, कारण ते खरं होतं. तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला विचारा: आपण वेगात होतो का? उत्तर 'हो' असेल, तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

पैसे भरण्याआधी

मेसेज बुधवारी आला होता, पण मी तो उघडलाच नाही. हल्ली चलानाच्या नावानं खोटे मेसेज फिरतात. सोबत एपीके फाइल असते, ती उघडली की मोबाइल परक्याच्या ताब्यात जातो. भाचा म्हणाला, "मामा, लिंक दाबू नका, पण चलान खरं आहे की नाही ते तरी बघा." त्यानं ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करून परिवहन खात्याचं ई-चलान पोर्टल उघडलं (पत्ता सरकारी, शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा), गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे आकडे घातले, आणि चलान समोर आलं. फोटोंसकट.

तुम्हीही असंच करा. चलान खरं निघालं तर त्याच क्षणी स्क्रीनशॉट घ्या, छापा, आणि पैसे भरू नका. दंड भरला म्हणजे प्रकरण तडजोडीनं मिटलं. मग 'मी भरलं, पण मला मान्य नव्हतं' हे ऐकायला कुणी नसतं. मात्र न भरता गप्पही बसू नका. चलानावर मुदत लिहिलेली असते, ती कॅलेंडरवर लाल पेनानं मांडा. थकलेलं चलान गाड्यांच्या नोंदणीच्या 'वाहन' पोर्टलवर अडून राहतं आणि नेमकं गाडी विकायला निघालात की आडवं येतं.

मग चलान वाचा. लोक रक्कम वाचतात आणि शिव्या घालतात. रक्कम सोडून बाकी सगळं वाचायचं. पहिलं कलम बघा. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम १८३ म्हणजे वेगमर्यादा ओलांडणं. हलक्या वाहनाला दंड १००० ते २००० रुपये, मध्यम आणि अवजड वाहनाला २००० ते ४०००, आणि पुन्हा सापडलात तर लायसन्स जप्तीपर्यंत गोष्ट जाते. कलम १८४ लावलं असेल तर ते धोकादायक वाहन चालवणं. त्यात कैदेची तरतूद आहे. तिथं माझ्या ओसरीवर बसू नका, सरळ वकिलाकडे जा.

त्यानंतर तारखा. कलम २०९ मला माझ्या वकिलानं वाचून दाखवलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. १८३ किंवा १८४खाली शिक्षा द्यायची, तर तीनपैकी एक गोष्ट झालेली असावी लागते. एकतर त्या जागीच तुम्हाला खटल्याची समज दिलेली असावी. किंवा १४ दिवसांच्या आत चालकाला अथवा गाडीच्या नोंदणीकृत मालकाला गुन्ह्याचा प्रकार, वेळ आणि जागा लिहिलेली नोटीस दिलेली वा रजिस्टर पोस्टानं पाठवलेली असावी. किंवा २८ दिवसांत समन्स बजावलेलं असावं. याला अपवाद आहे. नाव-पत्ता रीतसर शोधूनही वेळेत मिळाला नाही, किंवा तुमच्याच वागण्यामुळे नोटीस पोचली नाही, तर हे कलम तुमच्या मदतीला येत नाही. घर बदलून दहा वर्षं झाली आणि आरसीवर पत्ता अजून जुना, अशी मंडळी आपल्याकडे ढीगभर आहेत. त्यांनी आधी आरसी दुरुस्त करावी.

यंत्रानं पकडलेल्या गुन्ह्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१मध्ये १६७-अ हा नियम घातला गेला. त्यात १५ दिवसांत सूचना पाठवायची असं आहे. शिवाय १८३ला शिक्षा फक्त दंडाची असल्यामुळे कोर्टाला त्याची दखल सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. म्हणून चलान काढल्याची तारीख, मेसेजची तारीख, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का आणि समन्सची तारीख या चार तारखा एका कागदावर उतरवा. पाकीट फेकू नका! माझ्याकडे कागद पोचला ९ डिसेंबरला, म्हणजे बाविसाव्या दिवशी, आणि ते पाकीट मी जवळजवळ बंबात घालणार होतो.

फोटोतलं त्रैराशिक

आता खरा मुद्दा. माझ्या चलानावर दोन फोटो होते, छापील वेळेत एका सेकंदाचा फरक. दोन्हींत डाव्या लेनमध्ये माझी वॅगन आर, आणि उजव्या लेनमध्ये एक उघडी जीप, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. रेंट-अ-कॅब, म्हणजे भाड्यानं घेऊन स्वतः चालवायची गाडी. पहिल्या फोटोत जीप माझ्या मागं, दुसऱ्यात माझ्या पुढं. नंबर नीट वाचता येत होता तो फक्त माझा. जीपची पाटी उन्हात चमकून गेलेली.

बायको म्हणाली, "७१ तिचे, नाव तुमचं." मला ते आधी दिसलंच नव्हतं. मी पेटीचा युक्तिवाद रचत बसलो होतो: ७१ने गेलो असतो तर दोरी सुटली असती, भाते हलले असते, वगैरे.

दोन लेनच्या मध्ये पांढऱ्या तुटक पट्ट्या असतात. पट्टी, मोकळी जागा, पट्टी, मोकळी जागा. मी फोटो मोठे छापून घेतले आणि पट्टीच्या सुरुवातीपासून पुढच्या पट्टीच्या सुरुवातीपर्यंतच्या टप्प्याला 'एक घर' धरून मोजलं. दोन फोटोंच्या दरम्यान माझं पुढचं चाक दीड घर सरकलं होतं. जीपचं सव्वादोन घरांच्या जरा खाली.

शिक्षकाची खोड. भाच्याला घेऊन, खो-खोच्या मैदानाची आखणी करायची जुनी तीस मीटरची टेप घेऊन, मी सकाळी सहाला तिथं गेलो. कडेनं मापलं तर एक घर ९ मीटर भरलं. माझे साडेतेरा मीटर, जीपचे जवळपास वीस. एका सेकंदात साडेतेरा मीटर, गुणिले ३.६, म्हणजे ताशी ४८ ते ४९ किलोमीटर. वीस मीटर म्हणजे ७२. मी खूश.

वकीलबाई माझी विद्यार्थिनी. तिसरीत होती तेव्हा पाढ्यांना रडायची. तिनं कागद बघून पहिलं वाक्य टाकलं, "सर, महामार्गावर टेप घेऊन उतरलात? चलान परवडलं असतं." आणि दुसरं, "छापील एक सेकंद हा पुरा एक सेकंदच होता कशावरून? ५२ सेकंद आणि ९ दशांश, मग ५३ आणि १ दशांश, तरी फरक एकच छापला जाईल."

बरोबर होतं. माझं अर्धं गणित वाहून गेलं. मग तीच म्हणाली, "पण सर, दोन्ही गाड्यांना वेळ तर तीच मिळाली ना?"

यासाठीच माणसानं पोरं शिकवावीत. वेळ किती होती ते माहीत नसलं तरी गुणोत्तर बदलत नाही. मी साडेतेरा, ती वीस. म्हणजे जीप माझ्या जवळजवळ दीडपट वेगात. जीप ७१ला असेल तर मी ४८ला. आणि मी ७१ला असेन तर जीप १०५ला हवी. एवढ्यासाठी टेपही लागत नाही, फोटोतली घरं मोजली की झालं. तुम्ही रस्त्यावर उतरू नका, मी केलेला तो मूर्खपणा होता.

तुमच्या फोटोत दुसरी गाडी नसेलही. पण फोटो भिंगानं बघाच. नंबरातला एखादा आकडा नीट लागत नाही, ३चा ८ वाटतो, गाडीचा रंग वेगळा, मॉडेल वेगळं, अशी चलानं मी नंतर ओसरीवर पाहिली. एकाच्या स्कूटरच्या नंबरावर दुसरीच स्कूटर फिरत होती. त्यानं आधी पोलिसांत तक्रार दिली, चलान नंतर. तो क्रम बरोबर. गाडी तुमची पण चालवत दुसरा कुणी होता, तर चालकाचं नाव कळवायची जबाबदारी कलम १३३खाली मालकाची आहे. मेव्हण्याला वाचवायला 'मला आठवत नाही' म्हणू नका.

बोर्ड, राजपत्र आणि दहा रुपयांचा अर्ज

केंद्र सरकारच्या ६ एप्रिल २०१८च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला कमाल १०० आणि दुचाकीला ८० आहे. लोक हेच घेऊन भांडायला जातात आणि तोंडावर पडतात. कारण कलम ११२खाली राज्य सरकार त्याहून कमी मर्यादा ठरवू शकतं. फक्त त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते आणि रस्त्यावर योग्य जागी फलक लागतो. (महिनाभरापुरतीच मर्यादा असेल तर अधिसूचना लागत नाही.) १६७-अ प्रमाणे यंत्राची नजर असलेल्या पट्ट्याच्या आधी तसा इशारा देणारा फलकही ठळक दिसेल असा हवा.

मी गेलो तेव्हा ५०च्या फलकावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचं बॅनर बांधलेलं होतं. गोल तांबड्या कडेचा चतकोर तेवढा बाहेर. मी त्याचे फोटो काढले, जवळून आणि लांबून, चालकाच्या उंचीवरून, मागचा ओळखीचा खांब येईल असे. आठवड्यानं बॅनर गायब. म्हणून जागेवर जायचं तर त्याच दिवशी जा, आणि रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे राहून फोटो काढा. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: मोबाइलमधला फोटो कोर्टात पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३च्या कलम ६३चं प्रमाणपत्र तुम्हालाही जोडावं लागतं. मूळ फोटो मोबाइलातून पुसू नका. व्हॉट्सॲपवरून फिरवलेली प्रत म्हणजे मूळ नव्हे.

पुढचा टप्पा लेखी अर्जाचा. पोर्टलवर तक्रारीची सोय आहे, तिथं लिहिलं. शिवाय चलान काढणाऱ्या शाखेच्या नावानं एक पानी पत्र दिलं, दोन्ही फोटो जोडले, आणि माझ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का घेतला. काउंटरवरचा माणूस भला होता. म्हणाला, "मास्तर, हजार रुपयां खातीर कोडतींत वतले? भरात आनी मेकळे जायात." (कोर्टात जाणार? भरा आणि मोकळे व्हा.) पत्राला उत्तर आलं नाही. पण तो शिक्का पुढं कामाला आला, कारण मी पहिल्याच महिन्यात हरकत घेतली होती हे त्यावरून दिसलं. पत्रात राग नको. माझ्या पहिल्या मसुद्यात 'सरकारी मस्तवालपणा' असा शब्द होता, बायकोनं तो खोडला.

त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज घातला. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दोनच गोष्टी मागितल्या: त्या जागेच्या ५०च्या मर्यादेची राजपत्रातली अधिसूचना आणि त्या यंत्राचं मंजुरी प्रमाणपत्र. १६७-अ प्रमाणे ते प्रमाणपत्र दर वर्षी नवं करावं लागतं. उत्तर जानेवारीत आलं, आणि दोन्ही कागद चोख निघाले. अधिसूचना होती. प्रमाणपत्र मुदतीत होतं. मी हिरमुसलो, पण वकीलबाई म्हणाली, "बरं झालं सर, आता या दोन मुद्द्यांवर कोर्टाचा वेळ घालवायला नको." आजच्या चलानासाठी मी आणखी एक कागद मागितला असता. १ जुलै २०२५पासून वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांना वैध मापन नियमांखाली पडताळणी आणि शिक्का लागतो. मासळीवालीच्या तराजूला लागतो, तसाच.

तारीख

समन्स फेब्रुवारीत आलं. माझा खटला तालुक्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं संक्षिप्त पद्धतीनं चालला. समन्समध्ये 'गुन्हा कबूल करून इतकी रक्कम पाठवा, यायची गरज नाही' असा पर्याय असू शकतो. कलम २०८ची ती सोय आहे. लढायचं असेल तर घाईत तिथं सही करून मोकळे होऊ नका. त्याच कलमाखाली वकिलामार्फत हजर राहण्याचीही मुभा मिळू शकते.

वकील हवाच असं नाही, पण यंत्राचा पुरावा खोडायचा तर असलेला बरा. फी झेपत नसेल तर कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. बाकीच्यांना उत्पन्नाची अट. माझ्या वकिलानं फी घेतली नाही. मे महिन्यात मी तिला दोन डझन मानकुराद नेऊन दिले. खटला तेव्हा चालू होता, तेव्हा निकालाशी आंब्यांचा संबंध जोडू नये.

पहिल्या तारखेला दहाच्या आधी पोचा. दाराबाहेर बोर्डावर लावलेल्या यादीत आपला नंबर शोधा. मी बत्तीस वर्षं हजेरी घेतली. तिथं माझ्या नावाची पुकार झाली आणि आत गेल्यावर 'आरोपी' म्हणून उभं केलं, तेव्हा घसा कोरडा पडला. मोबाइल बंद ठेवा. आत जाताना आणि बाहेर पडताना मान लववा. कागद इंग्रजीत असतात, पण बोलायला कोंकणी किंवा मराठी चालली. समजलं नाही तर 'समजलं नाही' म्हणा. आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, कबूल आहे का? इथं बरेचजण गोष्ट सांगायला लागतात: "तसं नाही मॅडम, मी जरा घाईत होतो, आई आजारी..." झालं! अर्धी कबुली दिलीत. दोनच शब्द बोला: "कबूल नाही." आईचं आजारपण खरं असेल तर ते दंड कमी करण्यासाठी, कबुलीनंतर सांगायचं. निर्दोष सुटायला त्याचा उपयोग नाही.

मला चार तारखा पडल्या. मार्चमधली कबूल-नाकबुलीची, एप्रिलमधली साक्षीदार न आल्यानं फुकट गेलेली, जूनमधली साक्षीची, जुलैमधली निकालाची. फुकट गेलेल्या तारखेला कँटीनमधली पातळ भाजी आणि पाव खाऊन परत. मधल्या काळात लोकअदालतीत मिटवायचं का, अशी विचारणाही झाली. चूक आपली असेल आणि थकलेली चलानं बरीच असतील, तर लोकअदालत उत्तम. माझं तसं नव्हतं.

साक्षीला जे हवालदार आले ते सरळ माणूस. आधी सरकारी वकिलांनी त्यांच्याकडून यंत्र, जागा, वेळ वदवून घेतलं. १८३च्या पोटकलम ३ प्रमाणे एकट्या साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर शिक्षा होत नाही, अंदाजामागं यंत्राची मोजणी लागते. म्हणजे सगळा भार यंत्रानं काय मोजलं यावर. मग आमची उलटतपासणी. ती मी त्या रात्रीच वहीत उतरवून ठेवली.

"फोटोत एका दिशेनं जाणाऱ्या गाड्या किती?"

"दोन."

"यंत्र कुठल्या गाडीवर धरलं होतं?"

"डावीकडच्या."

"फोटोत ती गाडी दाखवणारी खूण, चौकट, काही आहे?"

हवालदारांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "ना."

"पहिल्या फोटोत जीप आरोपीच्या गाडीच्या मागं की पुढं?"

"मागं."

"दुसऱ्यात?"

"पुढं."

"तेवढ्याच वेळात जास्त अंतर कुणी तोडलं?"

जरा वेळ लागला. "जिपीन."

आणि वकीलबाई खाली बसली. माझ्या जिभेवर पुढचा प्रश्न वळवळत होता, "मग चलान मला का?" नंतर बाहेर आल्यावर तिनं सांगितलं, "सर, 'का' विचारलं की साक्षीदाराला कारण द्यायची संधी मिळते." मी मान हलवली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पट्ट्यांचं गणित तिनं युक्तिवादात एका पानावर दिलं: वर फोटो, खाली मोजलेली घरं, शेवटी दोन ओळी. ७१ आणि ४८, नाहीतर १०५ आणि ७१. पेटीचा उल्लेख करू दिला नाही. मी एकदा सुचवलं तर म्हणाली, "सर, पेटीला साक्षीला बोलावता येत नाही."

जुलैमध्ये निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन निर्दोष. फोटोत दोन गाड्या, मोजणी कुठल्या गाडीची ते स्पष्ट नाही, एवढ्यावर. बॅनरचा मुद्दा न्यायदंडाधिकारी मॅडमनी मानला नाही. तीनशे मीटर अलीकडे ५०चा आणखी एक फलक होता, आणि तो उघडा होता. मला तो माहीतच नव्हता, म्हणजे मी नीट बघितलंच नव्हतं. पोस्टाच्या पाकिटाचा आणि १४ दिवसांचा मुद्दा आम्ही मांडला होता, पण पहिल्याच मुद्द्यावर निकाल लागल्यामुळे त्यावर काही ठरवायची वेळ आली नाही.

खर्चाचं सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. हजाराच्या दंडासाठी चार खेपांचं पेट्रोल, झेरॉक्स, मोठे फोटो, दहा रुपयांचा अर्ज आणि आंबे धरून मी हजाराच्या वर गेलो. मी पेन्शनर, माझ्या सकाळी फुकटच्या. रोजावर जाणाऱ्यानं चार दिवसांची मजुरी आधी मांडावी आणि मग ठरवावं. पिकअप किंवा टॅक्सी चालवणाऱ्यांचं गणित निराळं. त्यांना दुसऱ्या वेळी लायसन्स जाण्याची भीती असते, तेव्हा पहिलं चलान चुकीचं असेल तर तेच लढवणं शहाणपणाचं. आणि महाराष्ट्रातून फिरायला आलेल्यांनी ध्यानात घ्यावं, तारीख गोव्यातच पडते.

निकाल लागला म्हणून उठून घरी जाऊ नका. मी गेलो होतो. महिन्याभरानं विमा भरताना सहज पोर्टल बघितलं, तर चलान थकलेलंच दिसत होतं, ७१ आणि माझा नंबर. पुन्हा कोर्टात जाऊन निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला. नक्कल मिळाल्यावर तिची झेरॉक्स आणि नवं पत्र घेऊन त्याच काउंटरवर. तोच माणूस. त्यानं निकाल शेवटच्या पानापासून वाचला, "मास्तर, सुटले मरे!" म्हणाला आणि इनवर्ड मारला. तीन आठवड्यांनी पोर्टलवरून ते थकीत चलान गेलं. नकलेची एक प्रत गाडीत आरसी आणि पीयूसीच्या पाकिटात आहे, दुसरी पेटीच्या झाकणाखाली.